विचारत नाही, सांगतोय

४ मे, रविवार

वारा वायव्येचा, दुपारनंतर जोर. होडी विकून किती तरी वर्षं झाली, पण वारा लिहिल्याशिवाय पान सुरू होत नाही.

प्राचीला दोन्ही ठिकाणांहून हो आलं. एक लंडन. दुसरं स्कॉटलंडात, समुद्राकाठचं गाव. नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी 'वरचं गाव' म्हणतो, नकाशात वर आहे म्हणून. शिष्यवृत्ती दोन्हीकडे, म्हणजे पैशाचं कारण कोणाला सांगता यायचं नाही. जायचं कुठे एवढंच. महिनाअखेर कळवायचं आहे. बी.एस्सी. इथे झालं, पुढचं तिकडे. विषय जीवशास्त्र, त्यातही समुद्रातले जीव, त्यातही शिंपले. म्हणजे आपल्या तिसऱ्या.

संध्याकाळी जेटीवर चहाला गेलो. बातमी माझ्या आधी पोचलेली. चहावाला बंड्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय वो तात्या, तिसऱ्या शिकायला नात विलायतेला? भाट्याच्या खाडीत टोपलीभर मिळतात की."

सगळे हसले. मी म्हटलं, "तुझा पोरगा पुण्याला कॉम्प्युटर शिकतो ना? रत्नागिरीत कॉम्प्युटरचं दुकान नाय काय?"

मग कोणी हसलं नाही. चहा अर्धा टाकून घरी आलो.  

६ मे, मंगळवार

मुंबईहून महेशचा फोन. मुलगा माझा, पण फोनवर साहेबासारखा बोलतो. म्हणे लंडनच्या विद्यापीठाचा जगात वरचा नंबर आहे आणि वरच्या गावाचा बराच खाली. शिवाय सूनबाईचा भाऊ विकास लंडनला आहे. पोरीला घर मिळेल, घरचं जेवण मिळेल. आणखी काय पाहिजे?

मी म्हटलं, नंबर होडीला पण असतो. नंबर बघून कोणी होडी पाण्यात घालत नाही.

"बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

नाही कळत. चौथीनंतर शाळा बघितली ती मतदानाला. पण पोरगी आठवीपासून आमच्याकडे आहे. मुंबईच्या खोलीत तिला अभ्यासाला कोपरा मिळेना म्हणून तुम्हीच आणून सोडलीत. ती काय म्हणते ते तरी विचारा, म्हटलं. त्याने विचारलं नाही. फोन ठेवला.

आता इथे खरं लिहितो, इथे कोण वाचतंय. मला विचाराल तर लंडनच. विकास आहे, ताप आला तर कोणी डोक्यावर हात ठेवील. वरच्या गावात कुत्रं ओळखीचं नाही. पण हे मी महेशला सांगणार नाही. थोरल्या भावाला, अण्णाला तर नाहीच. मला कोणी विचारूच नये.

९ मे, शुक्रवार

तिकडच्या बाईंचं तोंड बघितलं. वरच्या गावच्या प्रोफेसर. प्राचीने फोन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला, मी आणि ही मागे बसलो. ही नवी साडी नेसून. मी म्हटलं कशाला, तर म्हणाली, सोयरीक बघायला आल्यात असंच समजा.

बाई गुडघ्यापर्यंत बूट घालून चिखलात उभ्या. पाणी उतरलेलं. फोन फिरवून सगळं दाखवलं. चिखल आपल्यासारखाच, आभाळ मात्र राखेसारखं. प्राची इंग्रजीत बोलत होती आणि मधूनमधून आम्हाला सांगत होती. त्या खाडीतले शिंपले एकदा सगळे मेले होते, मग बाईंनी आणि गावातल्या लोकांनी मिळून परत वाढवले, असं काही. फार वर्षं लागली म्हणे.

मला म्हणाली, आजोबा, तुम्हाला काही विचारायचंय? मी तीन दिवस विचार करून ठेवलेले प्रश्न विसरलो. म्हटलं, विचार, तुम्ही तिसऱ्या सुक्या करता की रश्श्याच्या.

बाई हसल्या. म्हणाल्या, मी खात नाही. खाल्ल्या तर अंगावर गांधी उठतात, एकदा दवाखान्यात न्यावं लागलं.

फोन बंद झाल्यावर मी म्हटलं, सगळा जन्म शिंपल्यांत काढला आणि चव माहीत नाही, हिच्याकडे काय शिकणार?

ही म्हणाली, "उलट बरं. मांजर नाय ना दुधाच्या राखणीला."



११ मे, रविवार

अण्णा आला. शेजारच्याच घरातून, पण टोपी घालून आला, म्हणजे मोठा भाऊ म्हणून आला. म्हणाला, एवढी घासाघीस कशाला, देवीला कौल लावू. फुलं लावतील, उजवं पडलं तर लंडन, डावं पडलं तर ते दुसरं. देवी सांगेल ते करायचं, घरात वाद नको.

आमच्या घरात कौलाशिवाय काही झालेलं नाही हे खरं. होडी घेतली ती कौलाने, विकली ती कौलाने. माझं लग्नसुद्धा. पावसच्या पुढे आमचं मूळ गाव, तिथली देवी, आणि पाषाणाला ओली फुलं लावून गुरव विचारतो. मी कधी नाही म्हटलं नाही. आज म्हटलं.

म्हटलं, पोरीचं ठरू दे, मग आशीर्वादाला जाऊ.

"दाम्या, चौथी पास तू. कॉलेज तू ठरवणार?"

"मी नाय ठरवणार. तू पण नाय."

ही आतून चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मला या घरात आणली ती कौलानंच. देवी पण चुकते भावजी, कधी कधी."

अण्णा हसला नाही. मीही हसलो नाही, पण त्याचं कारण वेगळं.

१३ मे, मंगळवार

काल पुनव झाली, पाणी लांब उतरलं. हिच्याबरोबर प्राची खाडीवर गेली, मीही गेलो. माझं काम काठावर बसून चपला राखायचं.

ही चिखलात बोटं घालते आणि तिसरी काढते, न बघता. पण टोपली भरली नाही. पूर्वी वाकलं की भरायची. प्राची म्हणाली, याच्यासाठीच जायचंय आजोबा. मेलेली खाडी परत जिवंत केली ती कशी, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. लंडनला प्रयोगशाळा फार मोठी आहे, पण खाडी नाही.

मी म्हटलं, मग झालं तर. वरचं गाव.

तर ती पाय धूत बसली. मग म्हणाली, "पण मला भीती वाटते. तिथे माझं कोणी नाही. लंडन म्हटलं तर सगळे खूश होतील, मीपण सुटेन. तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगाल तिथे जाईन."

जीव एवढासा झाला. इतके दिवस मी भांडत होतो तो पोरगी ठाम आहे असं समजून. ठाम मीच होतो, तेही खोटा. तोंडापर्यंत आलं होतं, लंडनला जा गो बाय. विकासमामाकडे जा.

गिळलं. म्हटलं, "भीती वाटते म्हणून लंडन घेऊ नको. आणि मी भांडतोय म्हणून दुसरं पण घेऊ नको."

"मग काय बघून घेऊ?"

"ते मला कळलं असतं तर मी पाचवीत गेलो असतो."

हसली. चपला घातल्या. वाटेत माझा हात धरून चालली. मी घसरेन म्हणून की...

१५ मे, गुरुवार

अण्णा पहाटेच्या एस.टी.ने गेला. कोणाला न सांगता. दुपारी ओटीवर आला, हातात नारळ, कपाळाला अंगारा. म्हणाला, उजवं पडलं. लंडन.

ओटीवरच बसला, जसा काही निकाल वाचून कोर्ट उठलं. महेशला फोन त्याने स्टँडवरूनच केलेला. महेशने विकासला केलेला. सगळं जग फिरून बातमी आमच्या घरी सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, कोणी सांगितलं होतं? ज्याचं काम त्याने देवीसमोर उभं राहायचं, ही रीत आहे. प्राची होती तिथे? मी होतो?

"मी घरातला मोठा."

"मोठा आहेस तर विचारून जायचं."

पुढे जे झालं ते लिहीत नाही. आवाज जेटीपर्यंत गेला असणार. शेवटी अण्णा म्हणाला, देवीचा शब्द मोडायचा असेल तर मोड, पण पोरीला काही झालं तर माझ्याकडे येऊ नको.

हे बोलायला नको होतं त्याने. छातीत काही तरी बसलंय तेव्हापासून. गोळी घेतली. परत एक घ्यावी का?

१६ मे, शुक्रवार

प्राचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं."

नुसतं बरं. वाद नाही, रडणं नाही. उठून कपडे वाळत घालायला गेली. रात्रीच्या भाताला दोनच घास.

या 'बरं'चा मला जितका राग आला तितका अण्णाचा आला नव्हता.

१८ मे, रविवार

लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी हिला म्हटलं, दवाखान्यात चाललो. रविवारी कुठला दवाखाना? पण ती म्हणाली, छत्री न्या, ऊन आहे. एस.टी.ने पावस, पुढे रिक्षा. वाटेत सगळे प्रश्न घोळवत होतो. रीतीने विचारायचं ठरवलं होतं. अण्णाने नुसतं 'कुठे' विचारलं, मी नीट मांडून विचारणार, पोरगी कशासाठी चालली ते सांगून.

देवळात गुरव एकटाच. माझ्यापेक्षा लहान, पण तोही आता म्हातारा. मी सांगितलं तर डोकं खाजवत म्हणाला, "तात्या, दुसऱ्यांदा विचारता येतं. पण मग पाळावं लागतं हां. तिसऱ्यांदा नाय."

फुलं ओली करून त्याने पाषाणाला लावली. एक उजवीकडे, एक डावीकडे. म्हणाला, बोला.

मी हात जोडले. आणि बोलताच येईना. मनात आलं, परत उजवं पडलं तर? मग मला पाळावं लागणार. मग मीच घरी जाऊन पोरीला सांगणार, आणि ती म्हणणार, बरं. आणि डावं पडलं तर? तेही बरंच म्हणणार. तिची बाजू घ्यायला आलो होतो आणि फुलाच्या हातात देऊन जाणार होतो. मग अण्णा काय वाईट?

 गुरव वाट बघत उभा.

मी म्हटलं, "बाय माझे, मी विचारत नाय, सांगतोय. पोरगी तिच्या मनाने जाईल तिथे जाईल. अण्णाला काय सांगितलंस ते तुझं नि त्याचं. तू फक्त तिच्या पाठीशी राहा. लंडनला जाऊन बसली असशील तर तिथून ऊठ, नि ती जाईल तिथे जा."

गुरव म्हणाला, अहो तात्या, हे काय गाऱ्हाणं झालं? असं नसतं...

मी वळलो होतो. मागून तो म्हणाला, "तात्या, थांबा. फूल पडलं वो."

थांबलो नाही. डोळे मिटूनच दोन पायऱ्या उतरलो, पडलो असतो. रिक्षापर्यंत मागे बघितलं नाही. एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं, छत्री देवळात राहिली.

१९ मे, सोमवार

वारा नैर्ऋत्येकडे सरकतोय.

विचारलंच नाही तर पडलेल्या फुलाचा अर्थ काय? काहीच नाही. प्रश्नाशिवाय उत्तर नसतं. पण मग पडलं कशाला? वाऱ्याने पडलं असेल. देवळात वारा कुठून?

सकाळपासून तीनदा जिना उतरलो नि चढलो. ही म्हणाली, दवाखान्यात काय सांगितलं?

म्हटलं, छत्री हरवली.

२२ मे, गुरुवार

प्राचीला सगळं सांगितलं. देवळातलंसुद्धा. फूल पडलं तेही, मी बघितलं नाही तेही. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग एवढी हसली की डोळ्यांत पाणी. म्हणाली, तुम्ही देवीला ऑर्डर दिलीत?

म्हटलं, तू 'बरं' म्हणालीस म्हणून गेलो. ते 'बरं' परत घे. तुला लंडनच पाहिजे असेल तर मला चालेल, उलट मला झोप लागेल. पण मग ओरडून सांग लंडन पाहिजे म्हणून. कौलाच्या आड बसून नको.

तिचं हसणं थांबलं. म्हणाली, विचार करते.

बाजारात जाऊन कानटोपी घेतली. लोकरीची. मे महिन्यात. दुकानदार म्हणाला, तात्या, ताप बिप आहे काय? दोन्हीकडे थंडीच असते म्हणतात, म्हणून घेतली. यात माझं मत नाही. तांदळाच्या डब्यामागे ठेवली.

२५ मे, रविवार

अण्णा बोलत नाही. सकाळी तो दात घासायला बाहेर येतो, मी पण येतो, दोघेही समुद्राकडे बघून चुळा भरतो. समुद्राला वाटत असेल दोघे त्याच्यावरच रागावलेत.

बंड्या म्हणाला, पावसकडचा गुरव मासळीला आला होता, तुम्हाला विचारत होता. तुमची छत्री आहे म्हणे त्याच्याकडे. नि काय तरी सांगायचंय.

चहा न पिता आलो.

२८ मे, बुधवार

आला. छत्री घेऊन घरीच आला. खिडकीतून बघितलं नि मागच्या दाराने माडाखाली जाऊन उभा राहिलो. एवढा म्हातारा माणूस, लपलो. त्याची मला लाज वाटली नाही. देवीला तोंडावर सांगू शकतो तर गुरवाला पाठ दाखवायला काय?

ही दारात त्याच्याशी बोलत होती. बराच वेळ. चहाही दिला. तो गेल्यावर आत आलो. छत्री खुंटीवर. ही मासळी साफ करत बसलेली. मी काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही.

३० मे, शुक्रवार

कळवलं.

पण आधी प्राची अण्णाच्या घरी गेली. एकटी. मला म्हणाली, तुम्ही यायचं नाही. मी कुडाच्या अलीकडे उभा राहिलो, त्याला येणं म्हणत नाहीत.

अण्णा म्हणत होता, देवीच्या विरोधात जातेस?

ती म्हणाली, "मोठे आजोबा, तुम्ही देवीला विचारलंत कुठे जाऊ. मी जाऊन काय करणार, ते सांगितलंच नाय. ते ऐकलं असतं तर तिने पण खाडीच सांगितली असती."

अण्णा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही.  तिने पाया पडून सांगितलं, भीती वाटतेय तरी जाणार, वरच्याच गावाला जाणार, आणि शिव्या द्यायच्या तर तिला द्या, आजोबांना नको.

घरी येऊन फोन घेतला, माझ्यासमोर बोट दाबलं. आवाजही झाला नाही. मला वाटलं होतं काही तरी वाजेल.

महेशचा फोन आला, मी घेतला. तो म्हणाला, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी म्हटलं, लिहून घे, मी. पाहिजे तर अंगठा पण देतो, सही येत असून.

फोन ठेवला आणि मोजत बसलो. विकास नाही. घरचं जेवण नाही. बाईंना तर तिसऱ्या चालत नाहीत. आज तिथे काय थंडी आहे ते प्राचीच्या फोनवर बघितलं. बघायला नको होतं.

२ जून, सोमवार

वारा नैर्ऋत्य. मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, ताडपत्र्या चढल्या. जेटी ओस.

व्हिसाचं अजून व्हायचंय. नाही मिळाला तर अण्णा म्हणेल, बघ. नाही मिळाला तर परत भरू. परत नाही मिळाला तर परत. मी बंड्यालाही सांगून ठेवलंय, त्याने न विचारता.

सकाळी चुळा भरताना अण्णा समुद्राकडे बघतच म्हणाला, "तिकडे पाणी किती उतरतं रे?"

एवढ्या दिवसांनी पहिला शब्द. मी म्हटलं, लांब उतरतं. फोनवर बघितलं मी. भाट्यापेक्षा लांब.

"चिखल?"

"आपल्यासारखाच."

हं म्हणाला नि आत गेला.

कानटोपी डब्यामागे नाही. प्राचीच्या बॅगेत दिसली. तिथे कोणी ठेवली? प्राचीला मी दाखवलेली नाही. म्हणजे हिने. आणि ठेवली ती गुरव येऊन गेल्यावर, त्या सकाळी मी ती डब्यामागे बघितली होती. मग फूल डावं पडलं असेल? की उजवं पडलं म्हणून काळजीने ठेवली?

हिला माहीत आहे. नक्की माहीत आहे. गुरवाला चहा दिला तो उगाच नाही. इतकी वर्षं हिच्या तोंडावरून मी घरातला वारा ओळखत आलो. आज दिवसभर बघतोय, खोबरं किसतेय, गुणगुणतेय, काही कळत नाही.

दुपारी एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "विचारायचंय काय?"

म्हटलं, नाय.

छत्री खुंटीवर तशीच आहे. अजून हात लावलेला नाही.